जुनी एकबारी पॉइंट टू-टू: बोल्ट सैल, ठसा उथळ. झिजलंय नेमकं काय?

कातळसडा

मंडळी, वारसाने परवान्यावर आलेली एक जुनी रिमफायर रायफल आहे. एकबारी, बोल्टची. नळीवरचं नाव वाचता येत नाही, पण ठेवण विंचेस्टर १९०२ च्या जातीची: बोल्ट पुढे सारून दांडा खाली पाडायचा, मग मागची गुंडी हाताने ओढून घोडा चढवायचा. घर देवगड तालुक्यात, खाडीला लागून. खारी हवा बारमाही.

लक्षणं अशी. दांडा पूर्ण पाडल्यावरही बोल्ट पुढे-मागे खुळखुळतो. चार-पाच काडतुसांत एखादं वाजत नाही. तेच अर्धं फिरवून पुन्हा लावलं की बहुधा वाजतं. पुंगळी एक्स्ट्रॅक्टरने, म्हणजे ती ओढणाऱ्या हुकाने, अर्धवटच बाहेर येते, पुढे नखाने ओढावी लागते. वाजलेल्या पुंगळीच्या कडेलगत काजळी दिसते.

गावातला वेल्डिंगवाला म्हणतो, दांड्याच्या मुळाशी एक टाका मारला की बोल्ट घट्ट. दुसरा सल्ला मिळाला तो असा की स्प्रिंग ताठ करा, सगळी वाजतील. दोन्ही पटत नाहीत. जाणकारांनी सांगावं.

भट्टीवाला

आधी ती रायफल चालवणं थांबवा. कडेलगत काजळी म्हणजे गॅस मागे येतोय, आणि या ठेवणीत बोल्टच्या मागे थेट चालवणाऱ्याचा डोळा असतो.

वेल्डिंगवाल्याकडे नेऊच नका. एक तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी हे त्या कामाचा परवाना असणाऱ्याचंच काम आहे. 'अँटिक आहे' म्हणून सुटका होत नाही. कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशाच हत्याराला आहे. तुमची आजही वाजते. दुसरं कारण धातूचं, त्यावर नंतर येतो.

मालकाच्या हातात निदान असतं, आणि अर्धी लढाई तीच. दुकानात 'सैल आहे, बघा' म्हणून ठेवलेली रायफल आणि मापांचा कागद सोबत दिलेली रायफल, दोन्हींवर वेगवेगळं काम होतं.

वाजलेल्या आणि न वाजलेल्या पुंगळ्या शेजारी शेजारी मांडून भिंगाखाली बघा. रिमफायरमध्ये पेटणारा मसाला तळाच्या मध्यावर नसतो, तळाच्या दुमडलेल्या कडेच्या पोकळीत असतो. पिन ही हातोडी आणि नळीचं तोंड ही ऐरण. मधे कड चिरडली की मसाला पेटतो. कड ऐरणीला टेकलेलीच नसेल तर पिनचा अर्धा जोर काडतूस पुढे ढकलण्यातच जातो.

ठसा जागच्या जागी पण उथळ असेल तर संशय तीन: कडेमागे जास्त जागा, मरगळलेली स्प्रिंग, नाहीतर पिनच्या वाटेत साचलेला चिकटा. ठसा कडेवरून बाहेर घसरलेला किंवा तळाच्या आत सरकलेला असेल तर पिन तिच्या भोकात डुलतेय. प्रत्येक पुंगळीवर ठशाची जागा वेगळी असेल तर बोल्टच डुलतोय. कड एका बाजूला फुगलेली दिसली तर तिथे तिला मागून आधार मिळत नाही. काजळी कडेपाशी आहे की पुंगळीच्या अंगभर, तेही लिहा. अंगभर असेल तर चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेला, खड्डे पडलेत असं समजायचं.

आणि हो, काडतुसं बदलून खात्री केली होती का? पावसाळ्यात उघडी राहिलेली पेटी सगळं निदान बिघडवते. इथून पुढे चाचणीत काडतूस वाजलं नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा.

लेथमास्तर

भट्टीवाल्यांनी म्हटलेली 'कडेमागची जागा' म्हणजे हेडस्पेस. या जातीच्या रायफलीत ती ठरते एकाच जागी: दांड्याचं मूळ रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या) खाचेच्या मागच्या भिंतीवर टेकतं, बस्स. वेगळे लॉकिंग लग (बोल्ट अडकवणारे कान) नाहीत. दांड्याचं मूळ हेच कुलूप. ते झिजलं की बोल्ट तेवढा मागे राहतो.

पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसाच्या कडेची जाडी जास्तीत जास्त १.०९ मिमी असते, प्रत्यक्षात १.०० च्या आसपास भरते. हेडस्पेस १.०९ ते १.१७ मिमीत असावी. १.३० च्या पुढे गेली की वाजण्यातली अनियमितता दिसायला लागते आणि कड मागे फुगू लागते.

मोजायची रीत सांगतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करा. बोल्ट काढून त्यातली पिन आणि एक्स्ट्रॅक्टर दोन्ही काढा, नाहीतर त्यांचा दाब माप खोटं करतो. लेथवर माइल्ड स्टीलचं खोटं काडतूस वळून घ्या: अंग ५.६५ मिमी, लांबी १० मिमी पुरे, कड ७.० मिमी व्यासाची आणि बरोबर १.०९ जाडीची. अंग मुद्दाम थोडं बारीक, म्हणजे चेंबरमध्ये अडकून फसवणार नाही. ते चेंबरमध्ये बसवून मागे ०.०५ आणि ०.१० च्या स्टील शिमच्या (पातळ पत्र्याच्या) गोल चकत्या ग्रीसने चिकटवत जा आणि दांडा एका बोटाने पाडा. जोर लावायचा नाही. ज्या चकतीला दांडा अडायला लागतो तिच्या आधीची बेरीज अधिक १.०९, हे तुमचं माप.

कडेची खाच काही रायफलींत नळीच्या तोंडात असते, काहींत बोल्टच्या तोंडात. तुमच्यात कुठे आहे ते आधी बघा, चकतीचा व्यास त्यावर ठरतो.

मग पिन परत घालून, घोडा पाडलेल्या अवस्थेत ती बोल्टच्या तोंडाबाहेर किती येते ते डेप्थ मायक्रोमीटरने मोजा. ०.९० ते १.०० मिमी हवी. ती हेडस्पेसपेक्षा नेहमी कमी असली पाहिजे, नाहीतर रिकाम्या चेंबरवर पाडली की पिन थेट नळीच्या तोंडावर आदळते.

हापूसकलम

गंजाबद्दल. सगळं सुटं करणारच आहात तर आमसुलाच्या आगळात रात्रभर टाकून ठेवलं तर? तांब्यापितळेची भांडी लख्ख होतात.

भट्टीवाला

कलमदादा, पितळेला ठीक, पण इथे नको. आगळ, चिंच, व्हिनेगर, सगळी आम्लंच. गंजाबरोबर चांगलं पोलादही खातात आणि कडक केलेल्या स्प्रिंगला, सिअरला (चढवलेला घोडा अडवून धरणारा भाग) आतून ठिसूळ करतात. स्प्रिंग दिसायला स्वच्छ निघते आणि काही दिवसांनी तुटते.

तांबड्या गंजाला बिनआम्लाचा चांगला उपाय आहे. भाग तेलमुक्त करून डिस्टिल्ड वॉटरमध्ये वीस-तीस मिनिटं उकळायचे. तांबडा थर काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो; मग अगदी बारीक, तेल नसलेल्या स्टील वूलने हलक्या हाताने पुसायचं. मोकळा काळा भुगा निघून जातो आणि खाली जुना काळसर रंग टिकतो. तांबडं दिसेनासं होईपर्यंत पुन्हा तेच. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात करू नका, क्षाराचे डाग बसतात. आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी तर मचूळच.

बफ आणि एमरी चाक मात्र या रायफलीला दाखवूसुद्धा नका. कडा गोल होतात, भोकं बशीसारखी खोलगट होतात. शिवाय अनुक्रमांक घासला गेला तर कलम ८ लागतं, कारण ओळखखूण पुसणं हा गुन्हा आहे. पॉलिशच्या नादात आकडे पुसट झालेल्या रायफली दुकानात येतात आणि मालकाला त्याचा अर्थच माहीत नसतो.

कातळसडा

मापं घेतली. खोटं काडतूस ओळखीच्या लेथवर वळून घेतलं, शिम चकत्या कापल्या.

कडेची खाच नळीत आहे. हेडस्पेस १.४० मिमी. पिन बाहेर येते ०.७८. नव्या पेटीतल्या काडतुसांच्या कडा १.०२ ते १.०४. ठसे जागच्या जागी, पण उथळ. कड फुगलेली नाही, काजळी फक्त कडेपाशी. दांड्याच्या मुळावर मागच्या बाजूने एक चकचकीत पट्टा आहे, तो फक्त खालच्या अर्ध्या भागावर. बोल्टच्या तोंडावर पिनच्या भोकाभोवती बारीक खड्डे.

लेथमास्तर

आता हिशोब आपोआप बोलतो. १.४० वजा १.०३ म्हणजे काडतूस ०.३७ पुढे-मागे हलू शकतं. पिन बाहेर येते ०.७८. काडतूस पुढे असताना पिन कडेत शिरते जेमतेम ०.४१. म्हणून ठसा उथळ, म्हणून चार-पाचांत एक नापास. आणि अर्धं फिरवल्यावर वाजतं, कारण पहिल्या ठोक्यात काडतूस पुढे बसलेलं असतं. दुसऱ्या ठोक्याला पिनचा जोर ढकलण्यात वाया जात नाही.

स्प्रिंग ताठ करून यातलं काहीच सुटत नाही. पिन तेवढीच बाहेर येणार, फक्त जास्त जोरात. उलट सिअरवर भार वाढणार आणि ट्रिगर जड होणार.

नुसती लांब पिन घातली तरीही चूक. ठोका सुधारेल, सगळी काडतुसं वाजतील, आणि मागची ०.३७ ची फट तशीच राहून काजळी येतच राहील. आधी हेडस्पेस, मग पिन. हा क्रम उलटा करू नये.

भट्टीवाला

बरोबर. आता त्या चकचकीत पट्ट्याकडे वळू. फक्त खालच्या अर्ध्यावर पट्टा म्हणजे दांडा भिंतीवर पूर्ण टेकत नाही, अर्ध्यानेच टेकतो. मुळावर निळी मार्किंग शाई अगदी पातळ लावा, बोल्ट बंद करून मागे किंचित ओढा, उघडा. शाई भिंतीवर कुठे उमटते ते बघा. भिंत चेपून तिच्यावर कंगोरा उठला असेल तर रिसीव्हर मऊ आहे. भिंत सरळ असेल तर झीज दांड्यात.

काही करण्याआधी तडा तपासायचा. दांड्याचं मूळ रॉकेलने ओलं करून अर्धा तास ठेवा, कोरडं पुसा, खडूची पूड फासा. तडा असेल तर त्यातून झिरपणारं रॉकेल खडूवर काळसर रेघ उमटवतं. दुकानात लाल डाय पेनेट्रंटने हेच जास्त खात्रीने होतं. तडा निघाला तर तो बोल्ट निवृत्त. त्यावर वेल्ड नाही, शिम नाही, काही नाही.

याचं कारण आकड्यात सांगतो. लाँग रायफलचा कमाल दाब साधारण १६५ मेगापास्कल. ५.७ मिमीच्या पुंगळीच्या तळावर त्याचा मागचा रेटा चारशे किलोच्या पुढे जातो. पुंगळी चेंबरच्या भिंतीला चिकटून त्यातला बराच झेलते, पण चेंबर तेलकट असेल किंवा कड फाटली तर सगळा भार दांड्याच्या त्या एका मुळावर येतो.

आता वेल्डिंगवाल्याचा टाका. हे जुने बोल्ट बहुतेक कमी कार्बनच्या पोलादाचे असतात आणि वर ०.१ ते ०.२ मिमीची केस हार्डनिंगची (फक्त वरचा थर कडक केलेली) कातडी. साध्या रॉडने वर टाका मारला की कातडीतला कार्बन वेल्डमध्ये मिसळतो आणि सांधा ठिसूळ होतो. पुन्हा उष्णता पसरून बोल्ट वाकतो आणि त्याचं तोंड मऊ पडतं. वरून घट्ट बसतो, आतून मुळाशी केसाएवढा तडा घेऊन.

करायचं असेल तर टिगने (वायूच्या आवरणात होणारं बारीक वेल्डिंग). मुळाची कातडी तेवढ्या जागेपुरती घासून काढायची, बोल्टचं अंग तांब्याच्या ठोकळ्यात आवळायचं म्हणजे उष्णता तो ओढून घेतो, आणि डाय दुरुस्तीसाठी मिळणाऱ्या कठीण फिलर तारेने थोडं थोडं भरायचं. एका दमात नाही. साधारण १ मिमी जास्त भरायचं आणि मग कानस, तेलाचा दगड आणि निळी शाई. दांडा भिंतीवर पूर्ण रुंदीला टेकेपर्यंत. शेवटचे ०.०५ मिमी फक्त दगडाने.

लेथमास्तर

इथे माझं मत थोडं वेगळं. ०.२५-०.३० मिमीसाठी मी बोल्टला उष्णता लावणार नाही. शाईत रिसीव्हरची भिंत सरळ निघाली तर नळी मागे आणणं जास्त स्वच्छ. या जातीत नळी बहुधा रिसीव्हरमध्ये बसवून आडव्या पिनने अडकवलेली असते. पिन काढून नळी सोडवायची, खांदा ०.२८ ने वळवायचा, कडेची खाच आहे तशीच ठेवायची (खोल केली तर हेडस्पेस परत तेवढीच), एक्स्ट्रॅक्टरची खाच जुळवायची आणि आडव्या पिनचं भोक अर्ध्या मिमीने मोठं रीम करून जाड पिन बसवायची. दांडा आणि भिंत दोन्ही शाबूत, उष्णता शून्य.

भट्टीवाला

मास्तर, पद्धत उत्तम, पण दोन गोष्टी. एक, कातळसडांच्या बोल्टचा दांडा अर्ध्यानेच टेकतोय. नळी मागे आणून हेडस्पेस जुळेल, पण तो अर्धाच टेकलेला दांडा तसाच राहील आणि पुन्हा झिजेल. टेकणं सुधारायला घासलं तर परत ०.१ जाईल. दुसरी गोष्ट, गंजून बसलेली नळी सोडवताना पातळ रिसीव्हर वाकवून बसणारे मी पाहिलेत. नळी सहज निघत असेल तरच.

लेथमास्तर

पहिला मुद्दा मान्य. मग असं करता येईल: आधी दांडा शाईवर पूर्ण टेकवून घ्यायचा, त्यात जाईल तेवढं जाऊ दे, मग उरलेली हेडस्पेस मोजून नळी तेवढीच मागे. दोन मापं एकदम सुटतात. नळी हलत नसेल तर तुमचं टिग.

वेगळं बोल्ट-तोंड असलेली रायफल असती तर काम आणखी सोपं होतं. बोल्टचं अंग आणि तोंड यांच्यात कडक केलेली शिम वॉशर घालून जागा भरता येते. १९०२ च्या जातीत तोंड एकसंध, म्हणून तो मार्ग बंद.

कातळसडा

निळी शाई लावून बघितली. भिंत सरळ आहे, कंगोरा नाही. रॉकेल-खडूत रेघ नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात टिगवाले आणि लेथवाले भरपूर, पण तिथे नुसता बोल्ट नेऊन काम करून घेता येईल का?

भट्टीवाला

तसं करू नका. बोल्ट हा किरकोळ भाग नाही. काम परवानाधारक दुरुस्ती दुकानाच्या नोंदवहीत चढलं पाहिजे. ते दुकान बाहेरच्या टिगवाल्याचं कसब स्वतःच्या जबाबदारीवर कसं वापरतं हे त्यांचं त्यांनी बघायचं. तुम्ही स्वतः परवाना घेऊन रायफल जमा करा, पोचपावतीवर अनुक्रमांक आणि 'हेडस्पेस १.४०, पिन ०.७८' असं लिहून घ्या. परत घेताना नवं मापही त्याच कागदावर.

आता पिन. हेडस्पेस १.१२ वर आली असं धरू. तेव्हा पिन ०.९५ बाहेर यायला हवी: नळीच्या तोंडापासून ०.१७ अलीकडे थांबते आणि १.०३ च्या कडेत भरपूर शिरते. तुमची ०.७८ ची पिन टोकाला झिजलीय. टोक ठोकून लांबवायचा मोह आवरा. ओएचएनएसच्या (तेलात विझवून कडक होणारं पोलाद) सळईतून नवी करायची. ती मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर किंवा कोल्हापुरात सहज मिळते. टोकाचा आकार जुन्या पिनचाच, कडा मात्र किंचित गोल. छिन्नीसारखं धारदार टोक कड फाडतं. ८०० अंशांच्या आसपास लाल करून तेलात विझवायची, मग पूर्ण चकचकीत करून पाणी उतरवायचं, म्हणजे पुन्हा तापवून ठिसूळपणा काढायचा, ते जांभळ्या-निळ्या रंगापर्यंत, म्हणजे २८० ते ३०० अंश. गवती पिवळ्यावर थांबलात तर टोक तुटतं. आधी १.०५ बाहेर ठेवून बनवा आणि शेवटी दगडाने ०.९५ वर आणा. वाढवता येत नाही, कमी करता येतं.

बोल्टच्या तोंडावरचे बारीक खड्डे जुन्या काडतुसांनी पडलेत. त्या काळच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्यातून उरतं पोटॅशियम क्लोराइड. मिठाचाच भाऊबंद, हवेतलं पाणी ओढतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बिनगंजाचे मसाले आले तोवर हा त्रास होताच. खड्डे पिनच्या भोकाच्या कडेला पोचले नसतील तर तसेच राहू द्या. तोंड घासलं की हेडस्पेस पुन्हा वाढली.

खाडीपलीकडे

पुंगळी नखाने ओढावी लागते याकडे कुणी वळलं नाही. एक्स्ट्रॅक्टरआधी चेंबरचं तोंड बघा. पूर्वी कधी लांब पिन असताना रिकाम्या चेंबरवर घोडा पाडला गेला असेल तर नळीच्या तोंडावर पिनची खूण असते आणि त्या जागी धातू चेंबरमध्ये आत सरकलेला असतो. कापसाचा छोटा बोळा काडीवर घेऊन चेंबरच्या तोंडावरून गोल फिरवा. एका जागी तंतू अडकले की तीच खूण. पुंगळी फुगल्यावर त्या कंगोऱ्यात अडकते आणि एक्स्ट्रॅक्टरचा हुक कडेवरून घसरतो. दोष हुकाला लागतो, गुन्हेगार चेंबर.

तो कंगोरा कापून काढायचा नसतो. रीमर फिरवला की धातू जातो आणि तिथे कडेचा आधार कायमचा कमी होतो. कडक केलेला, आरशासारखा चकचकीत, किंचित निमुळता खिळा चेंबरमध्ये घालून आत सरकलेला धातू मूळ जागी दाबून बसवतात. चेंबर आयर्निंग म्हणतात त्याला. पाच मिनिटांचं काम, पण हत्यार नेमक्या मापाचं हवं.

कातळसडा

अगदी बरोबर. वरच्या बाजूला, बाराच्या ठोक्याच्या जागी, कापूस अडकतो. भिंगाखाली आयताकृती खूण स्पष्ट आहे.

खाडीपलीकडे

मग तुमचा अर्धा त्रास तिथेच. उरलेला अर्धा हुकात. हुकाची आतली बाजू गोल झाली असेल तर ती कडेवरून सरकते. ती बाजू अगदी थोडी आतल्या कोनात आणायची, कानशीचे दोन-तीन हलके हात, त्याहून जास्त नाही. स्प्रिंगच मेली असेल तर हुक नवा करावा. आणि हुकाचं टोक नळीच्या खाचेत तळाला टेकता कामा नये. तसं झालं तर बोल्ट पूर्ण पुढे जात नाही आणि हेडस्पेसचं मापच चुकतं.

तिठ्यावरचो

एक इचारतंय. माझ्याकडे परवान्यावर लिव्हरची स्टीव्हन्स फेव्हरिट आसा. लिव्हर पुरी बंद केली तरी ब्लॉक हलता. ह्या बोल्टवाल्याचा गणित तेका लागू पडता काय?

लेथमास्तर

गणित तेच, झीज वेगळ्या जागी. फेव्हरिटमध्ये ब्लॉक लिव्हरबरोबर खाली जाऊन वर येतो आणि लिव्हर-दुव्याची जोडी त्याला वर धरून ठेवते. ब्लॉकला शिम लावू नका. आधी लिव्हरचा, ब्लॉकचा आणि दुव्याचा प्रत्येक स्क्रू व पिन काढून मायक्रोमीटरने मोजा: मध्यावर आणि टोकाला. मध्ये बारीक निघाले तर झीज स्क्रूत, आणि नुसते नवे स्क्रू वळून निम्मा खुळखुळाट जातो. मग भोकं बघा. वाढत्या मापाचे ड्रिलचे दांडे घालून आडवं आणि उभं माप घेतलं की अंडाकृती झालंय का कळतं. तसं असेल तर दुवा आणि लिव्हर एकत्र आवळून ०.२ ते ०.३ मिमी मोठं रीम करायचं आणि त्याच मापाच्या पिना ओएचएनएसमधून बनवायच्या. दोन्ही भाग एकत्र रीम केले नाहीत तर भोकं एकमेकांशी तिरकी राहतात आणि लिव्हर बंद होताना अडकते.

ही ॲक्शन लहान आहे आणि कमी दाबाच्या काळातली. १८९४ च्या नमुन्यात विशेषतः हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाचं) काडतूस कधीच नको. स्टँडर्ड व्हेलॉसिटीच. कातळसडांनाही हेच लागू. शिवाय दोघांनीही नळीवर काय कोरलंय ते बघावं. जुन्या काही रायफलींचं चेंबर फक्त शॉर्टचं (आखूड काडतुसाचं) असतं. त्यात लाँग रायफल पूर्ण शिरत नाही. ठोकून घालू नये.

तिठ्यावरचो

बरा झाला सांगितलास. स्क्रू मोजतंय आनी दुकानात नेतंय.

भट्टीवाला

सिअरचं राहिलं होतं. रिकाम्या रायफलीत घोडा चढवा आणि मागच्या गुंडीवर अंगठ्याने पुढे जोर द्या. मग दस्त्याच्या मागच्या टोकावर रबरी हातोडीने सगळ्या बाजूंनी टपल्या मारा. घोडा पडला तर सिअर किंवा गुंडीची खाच गेली. तिच्यावर दगड फिरवून 'ट्रिगर मऊ' करायच्या नादाला लागू नका. कातडी ०.१ मिमीची, ती पार झाली की आतलं पोलाद लोण्यासारखं झिजतं. झिजलेला सिअर नवा बनवायचा किंवा भरून पुन्हा कडक करायचा. शेतराखणीच्या रायफलीचा ट्रिगर दीड-दोन किलोच्या खाली असूच नये.

मेनस्प्रिंग खड्डे पडलेली असेल तर बदला, पण त्याच जाडीच्या पियानो तारेची, तेवढ्याच वेढ्यांची. गुंडाळल्यावर २३० अंशांवर अर्धा तास भट्टीत ठेवली की ताण उतरतो आणि लांबी टिकते.

हापूसकलम

दुरुस्त होऊन आल्यावर पावसाळ्यात ठेवायची कशी? आमच्याकडे आजवर खोबरेलच लावतात.

खाडीपलीकडे

खोबरेल थांबवा. २४ अंशांच्या खाली गोठतं आणि कालांतराने चिकट होतं. पौष-माघात पहाटे पिनच्या वाटेत गोठलेलं खोबरेल पिन मंद करतं, मग मिस जाणाऱ्या काडतुसांचं खापर स्प्रिंगवर. पिनच्या वाटेत तर कुठलंच जाड तेल नको. पेट्रोलने धुऊन, सुकवून पातळ तेलाचा एक थेंब पुसून टाकायचा.

बाहेरच्या धातूवर मेणाचा पातळ थर, नळीत गंजरोधक तेल. कॅनव्हास किंवा रेक्झिनच्या खोळीत महिनोन्महिने ठेवू नका, खोळ ओल धरते. जांभ्याच्या भिंतीला टेकवून तर नाहीच. आषाढात भिंत घाम देते. लाकडी कपाट, खाली जाळी, आत सिलिका जेल. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन तास भाजून परत. आणि हाताळल्यावर पुसायचंच. बोटांच्या घामातलं मीठ एका रात्रीत ठसे उमटवतं. चालवल्यावर आधी पुंछडा (नळी पुसायचा फडका), मग तेल. जुना, गंजणारा मसाला असेल तर आधी गरम पाणी. तेलाने मीठ विरघळत नाही.

निवडणुकीत ठाण्यात जमा करावी लागते तेव्हा नळी आणि बोल्ट पेट्रोलियम जेलीने जाड माखून द्या. तिथून आल्यावर लगेच काढून बघा, उद्यावर ढकलू नका.

कातळसडा

दुकानाने मापं वाचून लगेच सांगितलं: दांडा शाईवर टेकवून घेऊ, नळी हलते का बघू, नाही तर टिग. चाचणी तेच करणार. चाचणीत काय बघायला सांगू?

भट्टीवाला

पहिल्या फैरी हातात धरून नाहीत. रायफल टायरवर किंवा वाळूच्या पिशव्यांत आवळून, ट्रिगरला लांब दोरी. पाच फैरी स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या. प्रत्येक पुंगळी मागून घ्या, क्रमाने. ठसा सगळ्यांवर एकाच जागी आणि सारख्या खोलीचा हवा, कड सपाट, काजळी नाही. मग हेडस्पेस पुन्हा मोजायची; ०.०२ पेक्षा जास्त वाढली तर वेल्ड किंवा भिंत बसतेय, काम अजून संपलेलं नाही. तसं नसेल तर आणखी वीस फैरी, आणि परत तेच माप.